देवाला वाहिलेले शमुवेलनाना

दगडाला कधी छिन्नी लागली आहे की नाही, हे शमुवेलनाना दगड चाटून सांगत.

ऐकीव गोष्ट नाही ही. मी जळगावात पिंप्राळ्याला राहायला आलो त्याच आठवड्यात पाहिली. सकाळी दूध घेऊन येत होतो. समोरच्या घराच्या अंगणात एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा म्हातारा उकिडवा बसून हातातला काळा धोंडा सावकाश चाटत होता. मी दुधाची पिशवी तशीच धरून उभा राहिलो. त्याने जीभ आत घेतली, डोळे मिटले, मान हलवली आणि धोंडा कुंपणापलीकडे फेकून दिला.

"लोखंड लागलंय याला," तो मला म्हणाला. "अपवित्र. आपण कोण?"

"तडवी. शाळेत मराठी शिकवतो. समोरच राहायला आलोय."

"मी शमुवेल. देवाला वाहिलेला."

हे शेवटचं त्याने अशा सुरात सांगितलं, जसं आपण आडनाव सांगतो. मी मान डोलावली आणि घरी येऊन आईला म्हणालो, "समोर एक वेडा राहतो." आईने खिडकीतून पाहिलं. "वेडा नाही. एकटा दिसतो," ती म्हणाली. आईला माणसं माझ्याआधी कळतात. मला पुढची सहा वर्षं लागली.

नाना बांधकाम खात्यात रस्त्यावरचे मुकादम होते. उभं आयुष्य मजुरांकडून दगड फोडून घेण्यात गेलं. निवृत्त झाले, वर्षभरात बायको गेली, मूलबाळ नव्हतं. आणि मग त्यांनी अंगणात वेद्या बांधायला घेतल्या. बायबलात जितक्या वेद्या आहेत तितक्या, त्याच क्रमाने. देवाने मोशेला सांगितलं होतं की माझ्यासाठी दगडाची वेदी करशील तर घडवलेले दगड वापरू नकोस, हत्यार लागलं की दगड बाटला. म्हणून नानांना अखंड दगड लागत. ते गिरणेच्या पात्रातून आणत. एक रिक्षावाला त्यांना ओळखून होता. नाना नदीकडच्या रस्त्यावर उभे दिसले की तो रिक्षा उलटी वळवायचा.

मी आलो तेव्हा चार वेद्या पूर्ण होत्या. पहिली नोहाची, मग अब्राहामाच्या तीन. गुडघ्याएवढ्या उंचीच्या, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. कॉलनीतल्या बायकांनी उन्हाळ्यात त्यांच्यावर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातल्या. नानांनी काही म्हटलं नाही, उलट कावळे हाकलत बसले. अब्राहामाच्या दुसऱ्या वेदीखाली मांजरीने पिल्लं घातली, तेव्हा तीन आठवडे त्या बाजूला त्यांनी स्वतःही पाऊल टाकलं नाही.

पाचवी वेदी नव्हतीच. तिथे दगडांचा नुसता ढीग होता. अब्राहाम मुलाला बळी द्यायला घेऊन गेला आणि देवाने ऐन वेळी त्याला थांबवलं, ती ही वेदी.

"ही का राहिली?" मी एकदा विचारलं.

"तिथलं काम वरून थांबवलं होतं," नाना म्हणाले. खात्यातल्या माणसाचंच उत्तर.

त्यांचं बोलणं म्हणजे एक प्रकरण होतं. नाना धुळ्याला एका मिशनच्या वसतिगृहात वाढले. पाचव्या वर्षापासून कानावर पडली ती शास्त्रपाठाची मराठी, आणि तीच तोंडात बसली. भाजीवालीला ते विचारत, "बाई, तुझी वांगी कोठून आली आणि कोठे चालली आहेत?" ती म्हणे, "नाना, बामणोदहून आली नि तुमच्या भरतात चालली. अर्धा किलो घ्या." कोणतीही हकिगत ते "आणि असे झाले की" इथून सुरू करत, मग ती नळाला पाणी न आल्याची का असेना. आणि वादात एकच हुकमी वाक्य: "ओळीत दाखव." म्हणजे शास्त्रात ती ओळ कुठे आहे ते दाखव. दाखवता आलं नाही की तुम्ही हरलात.

मी घरापुढे ओटा बांधायला काढला तेव्हा नाना रस्ता ओलांडून आले. "पायऱ्या नकोत," म्हणाले. वेदीला पायऱ्या करू नयेत अशी आज्ञा आहे, वर चढणाऱ्याची लाज दिसते. मी म्हटलं, नाना, ही वेदी नाही, ओटा आहे. ते म्हणाले, तुझी आई त्यावर बसून रोज पाच वेळा देवाचं नाव घेणार, मग वेदी नाही तर काय? शेवटी मिस्त्रीने पायऱ्यांऐवजी उतार केला. आईच्या गुडघ्यांना तो इतका मानवला की तिने नानांसाठी वाडगाभर खीर पाठवली. त्या दिवसापासून त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं.

चर्चमध्ये मात्र त्यांना कोणी बोलू देत नसे. नाताळच्या कार्यक्रमात उभे राहून त्यांनी पाळकसाहेबांना प्रश्न विचारला होता: हाबेलाने कोकरू ठेवलं कुठे?

हा प्रश्न त्यांना चाळीस वर्षं छळत होता. मलाही त्यांनी तो इतक्यांदा समजावला की आता मीही तो झोपेत सांगेन. आदामाला दोन मुलगे. काईन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. काईनाने शेताचं उत्पन्न देवासाठी आणलं, हाबेलाने कळपातलं पहिलं कोकरू आणलं. देवाला हाबेलाचं आवडलं, काईनाचं नाही, आणि त्यातून जगातला पहिला खून झाला. पण त्या सगळ्या मजकुरात वेदी हा शब्द नाही. वेदी पहिल्यांदा येते ती नोहाची, पूर ओसरल्यावर.

"बरं," मी म्हणायचो, "हाबेलाने जमिनीवर ठेवलं असेल."

"ठेवू दे. पण मागितलं कोणी?" नाना माझा दंड धरत. "देवाने म्हटलं का, मला कोकरू आण? ओळीत दाखव. नोहाला तारू बांध म्हणाला. लांबी सांगितली, रुंदी सांगितली, उंची सांगितली, डांबर कुठे फासायचं तेही सांगितलं. अस्सल इस्टिमेट दिलं, मास्तर! आणि वेदीचं? एक अक्षर नाही. बाहेर आला आणि आपल्या मनाने बांधली. मग याची सुरुवात कोणी केली? पहिल्यांदा कोणाच्या मनात आलं, की आपलं सगळ्यात लाडकं उचलावं आणि देऊन टाकावं?"

पाळकसाहेब भले गृहस्थ. ते घरी येऊन म्हणाले, "नाना, प्रभूच्या बलिदानानंतर वेद्यांची गरज उरली नाही."

"म्हणून तर बांधतो," नाना म्हणाले. "गरज असती तर हात थरथरले असते."

दर बकरी ईदला नाना आमच्याकडे जेवायला असत. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, ताटावर बसल्या बसल्या, त्यांनी आईला विचारलं की तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात. आईने तिच्या वडिलांकडून ऐकलेली सांगितली. इब्राहिमना स्वप्न पडलं. त्यांनी मुलाला जवळ बसवलं आणि म्हणाले, बाळा, मी तुला अल्लासाठी कापतोय असं मला दिसलं, तुला काय वाटतं? मुलगा म्हणाला, अब्बा, तुम्हाला जो हुकूम आहे तो पाळा.

नानांचा घास हातात राहिला.

"विचारलं? मुलाला विचारलं?"

"विचारलं तर," आई म्हणाली. "मूल आहे, बकरी थोडीच आहे."

"आमच्यात नाही विचारलं," नाना हळू म्हणाले. "आमच्यात लाकडं त्याच्या डोक्यावर दिली आणि चल म्हणाले. त्यानेच विचारलं शेवटी, बाबा, कोकरू कुठंय?"

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी आम्हांला आपली गोष्ट सांगितली. त्यांच्या आईची मुलं जगत नव्हती. तिने नवस केला की एक मुलगा जगू दे, तो मी देवाला वाहीन. मुलगा जगला. पाच वर्षांचा झाल्यावर तिने त्याला धुळ्याला वसतिगृहात आणून सोडलं आणि शब्द पाळला. बायबलात हन्नाने असंच केलं होतं, आणि तिच्या मुलाचं नाव शमुवेल. म्हणून वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनी यांचंही नाव शमुवेल ठेवलं. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुलांची देखरेख करणाऱ्या. हे सगळं त्यांनीच नानांना सांगितलं होतं, रोज झोपताना, नाना रडायचे थांबेपर्यंत.

"आणि हन्ना दर वर्षी मुलासाठी लहानसा झगा शिवून न्यायची," नाना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत लहान मुलासारखा अभिमान होता. "माझी आई स्वतः कधी आली नाही. गाव लांब होतं. पण दर नाताळाला सदरा पाठवायची. मोठ्या बाई आणून द्यायच्या. चौदा वर्षांचा होईपर्यंत. आणि माप असं बरोबर, मास्तर! मला न पाहता तिला माझं माप कसं कळायचं, याचंच मला नवल वाटायचं."

आई उठून आत गेली. बराच वेळ ती भांडी आवरत राहिली.

गेल्या वर्षी त्या वसतिगृहाची जुनी इमारत रिकामी करायचं ठरलं. तिथल्या कारकुनाने जुन्या मुलांना फोन केले, काही आठवण म्हणून न्यायचं असेल तर या. मी नानांबरोबर गेलो. व्हरांड्यात लोखंडी खाटा, फुटक्या पाट्या आणि रजिस्टरांचा ढीग पडला होता. नानांनी खाटांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एकेक रजिस्टर उघडायला सुरुवात केली. दुपार कलेपर्यंत आम्ही दोघं धुळीत बसून होतो.

नोंद मलाच सापडली. शमुवेल. त्याच्यापुढे कंसात, बारीक अक्षरात: मूळ नाव सुपडू. खाली पारोळा तालुक्यातल्या एका गावाचं नाव. आणून सोडणाऱ्याचं नातं: आई.

खान्देशात सुपडू म्हणजे काय, हे कोणालाही सांगावं लागत नाही. आधीची मुलं दगावली की नव्या बाळाला सुपात घालतात, म्हणजे ते मृत्यूच्या हिशेबी धान्यातला कचरा ठरतं आणि वाचतं. नानांनी ते नाव तीनदा वाचलं. "सुपडू," ते म्हणाले, परक्या पाहुण्याला हाक मारावी तसे. मग म्हणाले, "बघ. मुलं जगत नव्हती. नवस खरा आहे."

त्यानंतर ते थांबेनात. पुढच्या रविवारी आम्ही पारोळ्याला एसटीने उतरलो आणि तिथून रिक्षाने त्या गावी गेलो. पारावर दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारलं. एकाने सांगितलं, त्या घरातलं आता कोणी उरलं नाही, पण एक लेक शेजारच्याच आळीत दिलेली आहे. आहे अजून. दिसत नाही तिला.

म्हातारी दारात बाजेवर बसली होती. सून कापूस वेचायला गेली होती. डोळे दोन्ही पांढरे, हातात लसणाची पाकळी, सोलणं चालू. नाना तिच्यासमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, पाहा, मी तुझा बंधू आहे. फार वर्षांनी तुझ्या दारी आलो आहे."

म्हातारीने मान वर केली. "कोन बोली राहिना? तलाठी शे का?" आणि तिने धडाधड सांगायला सुरुवात केली की रेशनकार्ड सुनेजवळ शे, घरकुलना कागद लेकजवळ शे, आणि तिचा अंगठा उमटत नाही हे मागच्या साहेबाने पाहून घेतलेलं आहे.

मला हसू आवरेना. नाना मात्र घामाघूम झाले होते. त्यांना तिचं बोलणं कळत नव्हतं आणि तिला त्यांचं. सख्खी बहीणभावंडं, आणि मध्ये दुभाषी मी, फैजपूरकडचा तडवी, ज्याला त्या बाजूची अहिराणी धड येत नाही. मी पुढे झालो, तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "अक्का, सुपडू उना."

लसूण सोलणारी बोटं थांबली.

"कोन्ता सुपडू?"

"तुमना भाऊ. धुयाले सोडेल व्हता तो."

तिने हात पुढे केला. नाना खाली बसले. तिने त्यांचा चेहरा चाचपला आणि उजव्या नाकपुडीवर अंगठा थांबवला. तिथे एक बारीक खळगा होता. मला तो इतकी वर्षं देवीचा व्रण वाटला होता. "मायनी नाक टोचेल व्हतं," ती म्हणाली. "तू जगाले पाहिजे म्हनीसन." आणि मग तिने त्यांना आईमाईवरून शिव्या दिल्या, इतकी वर्षं कोठे मेला होतास म्हणून, आणि शिव्या देता देता रडली. नानाही रडले. मी रस्त्याकडे पाहत उभा राहिलो.

सगळं इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण नाना नाना होते. त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "विचार तिला. नवस कसा केला? कोणत्या देवाला? शब्द काय होते?"

मी विचारलं.

"नवस?" अक्का म्हणाली. "कसाना नवस?"

मी नानांचं ऐकलेलं सगळं सांगितलं. ती मध्येच मान हलवू लागली.

"दुकाय पडेल व्हता, भाऊ. घरमा दाना नव्हता. तठे पोऱ्येस्ले भाकर भेटस, आसं कोनी तरी सांगं. माय, मी आन हाऊ, तिन्ही पायी धुयाले गऊत. धाकला मायना पदरमा. याले निम्मी वाट मी कडेवर लिधं. माले बी ठी ल्या म्हने मी, पन तठे पोरीस्ले लेत नव्हतात. मायनी याले वट्टावर बसाडं. बठ आठे, मी येस, म्हने. आन आम्ही निंघी उनूत."

मी ते नानांना मराठीत सांगितलं: दुष्काळ होता, मलाही ठेवून घ्या म्हणाले मी, आईने याला ओट्यावर बसवलं, बस इथे, मी येते म्हणाली, आणि आम्ही निघून आलो. शब्द बदलले नाहीत. बदलायला हवे होते, असं अजून वाटतं.

"पण निघताना देवाचं नाव घेतलं असेल तिने," नाना म्हणाले. "काहीतरी म्हणाली असेल. विचार."

मी विचारलं. म्हातारी हसली. तिच्या तोंडात एकच दात होता.

"देवनं नाव लेवाले तोंडमा थुकी नव्हती, भाऊ."

हे नानांना सांगावं लागलं नाही. ते त्यांना कळलं.

मग तिने आपणहून बाकीचं सांगितलं. धाकटा त्याच उन्हाळ्यात गेला. आणि पुढच्या साली माय गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, पाऊस पडला की सुपडूला घेऊन येऊ. पाऊस पडला, पण तोवर ती नव्हती. बाप तर आधीच कुठेसा कामाला गेला तो गेला.

अक्काने कोपऱ्यातल्या दुरडीतून भाकरी चाचपून काढली. "खासी का?" तिने विचारलं. नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ते बाहेर पाहत होते. एरंडोल मागे पडलं तेव्हा म्हणाले, "मास्तर."

"बोला."

"ती पुढच्याच साली गेली म्हणते."

"हो."

"मग ते सदरे?"

त्यांनी बोटांवर मोजलं. ती गेल्यानंतरचे आठ सदरे झाले. मोठ्या बाईंची खोली त्यांच्या रांगेच्या शेवटी होती, म्हणाले. तिथे रात्री शिवणयंत्राचा आवाज यायचा. त्याचं तेव्हा कधी नवल वाटलं नव्हतं. मोठ्या बाई जाऊन तीस वर्षं झाली होती. नाना त्यांच्या अंत्यविधीलाही गेले नव्हते, त्या दिवशी रस्त्याचं डांबरीकरण चालू होतं.

जळगावला उतरताना म्हणाले, "मागितलं नव्हतं कोणी. आणि दिलंही नव्हतं कोणी."

त्यानंतर वेद्यांचं काम बंद पडलं. ढीग तसाच राहिला, त्यात गवत उगवलं. रिक्षावाला सरळ जाऊ लागला. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. नानांनी त्यांना चहा दिला आणि काही विचारलं नाही, याचा त्या बिचाऱ्यांनी धसका घेतला. चष्मा आणि बायबल खिडकीत पडून होतं. मी एकदा मुद्दाम हाबेलाचं काढलं. "असेल काहीतरी," नाना म्हणाले. ज्या प्रश्नाने सहा वर्षं मला रस्ता ओलांडू दिला नव्हता, तो त्यांनी असा कोपऱ्यात टाकून दिला.

एकदा गॅसचा नवा माणूस आला. त्याने कागदावर नाव लिहायला विचारलं. "शमुवेल," नाना म्हणाले. मी समोरच्या ओट्यावरून ऐकत होतो. 'देवाला वाहिलेला' हे पुढचे शब्द आले नाहीत. गॅसवाल्याने "पुढे?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "एवढंच."

मग ते दर गुरुवारी सकाळी गायब होऊ लागले. हातात पिशवी, पिशवीत डबा. विचारलं तर म्हणत, "जरा जाऊन येतो." आईने ताडलं. ती बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे काही ना काही पाठवू लागली. मऊ असेल असं बघून. दात नाहीत म्हणालास ना तिला, एवढंच मला म्हणाली.

एके दिवशी नानांनी मला वही दाखवली. दोनशे पानी, रेघांची. त्यात मुकादमाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: मी जास. तू जास. तो जास. आम्ही जातस. शेजारी अर्थ. ते अहिराणी शिकत होते. सत्त्याहत्तराव्या वर्षी, एरंडोलकडून येणाऱ्या दूधवाल्याकडून. तो सायकल स्टँडवर लावून त्यांचे उच्चार सुधारायचा आणि पोट धरून हसायचा. "नाना, 'पाहा' नही, 'देख'!" नाना चिडत नसत. "देख," म्हणत. "देख, देख."

मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो तो या फेब्रुवारीत. अक्का पडली होती, असा सुनेचा फोन आला होता. नानांचे स्वतःचे पाय आता थकले होते, म्हणून मी सोबत. म्हातारी आत बाजेवर होती, इतकी लहान झालेली की गोधडीखाली कोणी आहे असं वाटू नये. सुनेने सांगितलं, आठ दिवसांपासून कोणालाच ओळखत नाही. पोराला बाप म्हणते, मला माय म्हणते.

नाना उशाशी बसले. पिशवीतून वाटी काढली, दूध ओतलं, त्यात भाकरी कुस्करली आणि बोटाने तिच्या ओठांशी नेली. तिने खाल्लं. दोन घास झाले. मग ती म्हणाली, "तू कोन शे रे, भाऊ?"

मला वाटलं, आता नाव सांगतील. मीच सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

"मना एक भाऊ व्हता," अक्का सांगू लागली. "धाकला. त्याले आम्ही धुयाले सोडी उनूत."

"माले मालूम शे, अक्का," नाना म्हणाले. उच्चार अगदी बरोबर होते.

"तू देखेल शे का त्याले?"

"देखेल शे."

"जेवाले भेटस का त्याले?"

"भेटस. पोटभर भेटस."

"रडस का तो?"

नानांनी तिचे ओठ पुसले. "नही," म्हणाले. "आते नही रडस."

म्हातारीने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण तिने हात गोधडीबाहेर काढला आणि नानांचं मनगट चाचपून धरलं, एखाद्या अनोळखी माणसाकडे निरोप देताना धरावं तसं.

"त्याले सांगजो," ती म्हणाली. "मायनी मांगे फिरीसन देखं नही. पन मी देखं. वाटना वयनपावत, वट्टा दिसे तोपावत, मी देखत गऊ. तो वट्टावरच बठेल व्हता. त्याले सांगजो बरं का."

"सांगसू, अक्का," नाना म्हणाले, आणि त्यांनी पुढचा घास कालवला.